देवाची वाटी

आई, तेरवी आटोपली. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, उरलेली बुंदी मी मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाटून टाकली. आता घर शांत आहे आणि आपलं भांडण अर्धवट आहे. ऐन रंगात आलेल्या भांडणातून तुम्ही अशा उठून जाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही कधी हरत नव्हतात हे खरं, पण मैदानही सोडत नव्हतात.

भेटायला आलेल्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही सासू-सुना तर मायलेकींसारख्या होत्या." मी डोळ्याला पदर लावला आणि पदराआडून तुमच्या फोटोकडे पाहिलं. हार घातलेल्या फोटोतही तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, 'ह्या बाईले आत कोणं घेतलं?'

मायलेकी वगैरे आपण नव्हतो. एका स्वयंपाकघरात सापडलेल्या दोन वकील होतो, आणि खटला एकच होता. एका स्टीलच्या वाटीचा. इतकी वर्षं तो चालला, आणि मला निकाल म्हणून फार काही नको होतं. 'ती वाटी तुझ्यासाठी होती' एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. हसत म्हणा, चिडून म्हणा, पाठ फिरवून म्हणा. तुम्ही नाही म्हणालात. शेवटी तर अशी वेळ आली की म्हणायची इच्छा असती तरी म्हणता आलं नसतं. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण तुमच्या बाबतीत ते अगदीच अशक्यही नाही.

लग्न होऊन नंदनवनच्या घरी आले तेव्हाची पहिली भाजी आठवा. वांग्याची. तुम्ही भिवापूरच्या. तुमच्या माहेरी मिरची शेतात पिकायची, अंगणात वाळायची आणि बाकीचं वर्षभर घराच्या हवेत राहायची. माझं माहेर धरमपेठेतलं. तिथे माझी आई वरणात गूळ घालायची आणि वर विचारायची, थोडं तिखट झालं का गं? मी पहिला घास घेतला आणि उचकी लागली. नाक गळायला लागलं, कान तापले, नव्या शालूवर पाणी सांडलं. तुमचा मुलगा शेजारी बसून शांतपणे तिसरी पोळी खात होता. लग्नासाठी थांबलेल्या पुष्पाताईंना, म्हणजे तुमच्या लेकीला, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "सून आणली का बाहुली आणली वं आपण?"

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला ती वाटी होती. पिवळीधम्मक भाजी, हळद-मिठाची, तिखटाचा कणही नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"देवाची वाटी. देवाले तिखट चालत नाही. दाखवून झाली, आता खाय. वाया जाते."

मी खाल्ली. तेव्हापासून तेच. तुमची भाजी करायची तऱ्हा मला पाठ झाली. आधी भाजी हळद-मिठात शिजवायची. मग एक वाटी काढून देव्हाऱ्यात ठेवायची. मग लोखंडी पळीत तेल तापवायचं, त्यात भिवापूरचं तिखट टाकायचं आणि ते लाल तेल उरलेल्या भाजीवर ओतायचं. सगळं घर खोकायचं. मला वाटायचं, भिवापुरात अशीच करत असतील. पुढे मीही तशीच करायला लागले. मला दुसरी तऱ्हा शिकवली कोणी होती?

पण मी काही फार दिवस भोळी राहिले नाही. वर्षभरात तुमची उलटतपासणी सुरू केली.

"आई, तुमचा देव जेवायला किती वेळ घेतो? मी हात धुऊन येईपर्यंत त्याचं झालेलं असतं."

"त्याले कामं असतात. तुह्यासारखा बसून नाही राहत."

"आणि रोज त्याला माझ्याएवढीच भूक लागते? बरोबर एक वाटी?"

"देवाशी बरोबरी करते वं?"

"मी नाही, तुम्हीच करून राहिल्या. सांगा ना सरळ, माझ्यासाठी काढता म्हणून. मी काही कोणाला सांगत नाही."

"तुह्यासाठी काढाले तू काय देव लागून गेली?"

एवढं म्हणून तुम्ही पदर खोचून पुढच्या कामाला लागायच्या. कितीदा तरी. बाळंतपणासाठी माहेरी राहून परत आल्यावर मी साक्षीदार तपासायचं ठरवलं. दिलीपना विचारलं, "मी नव्हते तेव्हा देवाची वाटी निघत होती का हो?" तुमच्या मुलानं भुवया आवळून बराच विचार केला. मौद्याच्या वीजकेंद्रात नोकरी केलेला हा माणूस. यंत्राचा आवाज तसूभर बदलला तर झोपेतही ओळखतो. तो मला म्हणाला, "वाटी? कोणती वाटी?"

आई, ह्या माणसाला तुम्ही वाढवलंत, हे मी फक्त नोंदवून पुढे जाते.

आणि पुष्पाताई. दर दिवाळीला माहेरी यायच्या, पहिल्या घासाला तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "संध्या आली तशी आईच्या हातची चव गेली. तिखट वरवर लागते, आत मुरतच नाही." मी तो टोमणा समजायची आणि दरवर्षी परतीचा एक तयार ठेवायची. तुम्ही मात्र लेकीला कधी उत्तर दिलं नाहीत. खाली मान घालून जेवायच्या. तुम्ही, आणि उत्तर नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग नंदनवनचं घर विकून आपण बेसाच्या ह्या फ्लॅटमध्ये आलो आणि तुमचं विसरणं सुरू झालं. म्हणजे विसरत तुम्ही आधीपासूनच असणार, जुन्या घरानं ते झाकून ठेवलं होतं. तिथे तुम्हाला काही आठवावं लागत नव्हतं, पाय आणि हात आपापलं बघून घेत होते. इथे स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे. तुमचा हात डावीकडची कोरी भिंत चाचपडायचा. मी सांगायची, "आई, उजवीकडे." तुम्ही म्हणायच्या, "माहीत हाये न, उजवीकडं," आणि हात पुन्हा डावीकडे. तोंडाला कळलं होतं, हाताला कोणी कळवलं नव्हतं. मी युक्ती केली, उजव्या बटणावर लाल टिकली चिकटवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती काढली आणि माझ्या कपाळावर लावलीत. "मोकळं कपाळ घेऊन काहून फिरते?" शेवटी दिलीपनी वायरमन बोलावून डाव्या भिंतीवर, तुमचा हात जिथे पडायचा बरोबर तिथे, दुसरं बटण बसवून घेतलं. संसारात त्यांनी आपण होऊन केलेली ती एक गोष्ट मी मान्य करते.

तुम्ही एकट्याच विसरत होतात असं नाही, हेही सांगते. पंचावन्नाव्या वर्षी मीही गच्चीवर जाते आणि कशाला आले म्हणून आकाशाकडे बघत उभी राहते. फोन उघडायची नक्षी कोणी विचारली तर सांगता येत नाही, बोटानं हवेत काढून बघावी लागते. एकदा डोळ्यांवर चष्मा असताना मी चष्मा शोधत घरभर फिरले आणि तुम्ही खुर्चीत बसून ते अख्खं नाटक पाहिलंत. शेवटी म्हणालात, "दोघींतली भुलक्कड कोणती, ते एकदाचं ठरवून टाका बाप्पा." त्या दिवशी आपण दोघी पोट धरून हसलो. तसं आपण फार वेळा हसलो नाही, म्हणून ते लक्षात आहे.

धंतोलीच्या त्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तुम्ही चांगलीच गंमत आणलीत. पोरसवदा डॉक्टर, आवाज मधाचा.

"आजी, आज वार कोणता?"

"तुमच्याकडं कॅलेंडर नाही का?"

"आहे ना. तुम्हाला आठवतो का बघतोय."

"मंग पाहून घ्या न. मले काहून विचारता?"

त्यानं तीन शब्द सांगितले. लिंबू, किल्ली, पतंग. लक्षात ठेवा म्हणाला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारून त्यानं पुन्हा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "तुमचे शब्द तुम्ही सांभाळा. माह्याजवळ ठेवाले काहून दिले?" मग त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या कोण?" तुम्ही मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "असंल कोणी. माह्या सुनेच्या ओळखीची दिसते. तिच्यासारखीच बडबडी हाये."

दिलीप खिडकीबाहेर बघायला लागले. मी हसले, कारण वाक्य चांगलं होतं. हसू ओसरलं तेव्हा कळलं की ते वाक्य माझ्याबद्दल होतं.

तुम्हाला बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. म्हणाले, माणसाची आठवण एक नसते. एक बोलणारी आठवण असते. काल काय खाल्लं, समोर कोण आहे, कोणाचं नाव काय, हे ती सांगते. दुसरी करणारी आठवण. ती काही सांगत नाही, नुसती करते. पोळी लाटते, गाठ मारते, सायकल चालवते. वय झालं की बोलणारी आधी थकते. सगळ्यांचीच थकते, कोणाची जरा, कोणाची आजींसारखी आजारानं फार. करणारी मात्र बराच काळ टिकते, आणि जितकी जुनी सवय तितकी चिवट. "म्हणून त्यांना विचारू नका, करू द्या," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "तुमच्याही वयात जाणवायला लागलं असेल थोडं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं घाईनं औषधं लिहायला घेतली.

येताना गाडीत मी चडफडत होते. देवानं दोन आठवणी दिल्या, त्यातली जिला सगळं माहीत आहे ती मुकी, आणि जी बोलते ती आधी जाणार. हा कुठला कारभार? आणि मला तर साक्ष नेमकी त्या बोलणारीचीच हवी होती.

त्यानंतर एका सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही पदर सावरून अदबीनं बसलात आणि म्हणालात, "बसा. तुम्ही कोणाकडल्या?"

आई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला अहो-जाहो केलंत. मला रडायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. समोर रंगमंच दिसला की मी चढते. मी म्हटलं, "इथेच राहते, वरच्या मजल्यावर." आणि समोर बसले.

"सून आहे का तुम्हाला?"

"हाये न. नावाले."

"काय करते?"

"बोलते."

"स्वयंपाक कसा करते?"

"पाण्यात मीठ टाकते अन् त्याले भाजी म्हणते."

"बाई गं. मग काढून टाका तिला."

तुम्ही चहाचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं. "कुठं टाकू? आता सवय झाली न तिची."

मी पुढे सरसावले. ओळख पुसलेली, समोर परकी बाई, लपवायचं कारण उरलेलं नाही. खटला उघडायला ह्याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. "मी ऐकलं, तिला तिखट चालत नाही. तुम्ही तिच्यासाठी वेगळी वाटी काढता म्हणे."

"कोण सांगते?"

"काढता ना पण?"

"कोणती वाटी?" तुम्ही खरंच विचारलंत. डोळ्यांत ती जुनी लबाडी नव्हती. मी नीट पाहिलं. तिथे वाटीच नव्हती.

रागच आला. जेव्हा माहीत होतं तेव्हा कबूल केलं नाहीत, आणि कबूल करायला काही आडकाठी उरली नाही तेव्हा माहीतच नाही. आता मी दाद कोणाकडे मागू?

तरी आपला तो खेळ चालू राहिला. रोज सकाळी मी वरच्या मजल्यावरून यायची आणि आपण दोघी मिळून तुमच्या सुनेची सालटी काढायचो. मी तुमच्यापेक्षा चार शिव्या जास्त द्यायची, कारण तिच्या खोडी मला जास्त माहीत होत्या. एकदा मी जरा जास्तच बोलले तर तुम्ही मला गप्प केलंत. "पुरे करा आता. आमच्या घरची हाये ते." मी लगेच कान टवकारले. पण तुम्ही तेवढ्यावरच थांबलात आणि बिस्किट मागितलंत.

स्वयंपाक तुम्ही तेव्हाही करायच्या. गॅस पेटवायचा मी, शेजारी उभी राहायची मी, हात तुमचे. तिथे मी एकदा चूक करून बसले. तुम्ही पळीत तेल तापवत होतात आणि मी सहज विचारलं, "आई, तिखट किती चमचे टाकायचं?" तुमचा हात हवेत थांबला. तुम्ही चमच्याकडे पाहिलं, तिखटाच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखा चेहरा झाला. तेल धुरावलं. मी गॅस बंद केला, तुम्हाला खुर्चीत बसवलं, आणि तुम्ही नुसत्याच हात चोळत राहिलात. भांडणात तुम्ही मला अनेकदा निरुत्तर केलंत. मी तुम्हाला निरुत्तर केल्याचा तो एक प्रसंग, आणि तो मला नको होता.

त्यानंतर भाजीबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्ही गॅसपाशी उभ्या राहिल्या की मी दुसरंच काहीतरी सुरू करायची. "आज तुमची सून म्हणे उशिरा उठली." बस. तोंड सुनेवर घसरलं की हात मोकळे सुटायचे. वांगी चिरली जायची, हळद-मीठ अचूक पडायचं. आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाटत असेल, ही संध्या सासूशी सकाळपासून भांडते. त्यांना काय सांगू, की भांडण थांबलं असतं तर भाजी करपली असती.

असंच एका दुपारी तुम्ही भाजी हळद-मिठात शिजवलीत. मी सुनेच्या आळशीपणाचं वर्णन करत होते. तुम्ही फळीवरून वाटी घेतलीत, भाजी काढलीत. मी बोलणं चालू ठेवलं, पण नजर तुमच्या हातावर. देव्हारा ओट्याच्या शेजारीच. तुम्ही तिकडे वळलाही नाहीत. वाटी घेऊन सरळ जेवणाच्या टेबलापाशी गेलात आणि मी रोज बसते त्या खुर्चीसमोर, डाव्या बाजूला, ठेवून परत आलात. मग पळी घेतलीत, तेल तापवलंत, तिखट टाकलंत.

मला राहवलं नाही. भाजीवर तेल ओतून होईपर्यंत कशीबशी थांबले आणि म्हटलं, "ही वाटी कोणाची?"

तुम्ही वाटीकडे असं पाहिलंत जसं खिडकीतून कोणाचं मांजर आत आलं आहे. "मले काय माहीत? तुम्हीच ठेवली असंल."

"देवाची आहे का?"

"देवाची वाटी इथं कोण ठेवते बाई? देव तिकडं हाये न."

आई, तेव्हा मला कळलं. देवाचं नाव ही तुमच्या बोलणाऱ्या आठवणीची कारागिरी होती, म्हणून ती आधी गेली. हाताला ते खोटं कधी शिकवलंच नव्हतं. तो सरळ माझ्या खुर्चीपर्यंत आला.

धावत जाऊन दिलीपना सांगितलं. ते म्हणाले, "सवय असेल." डॉक्टरांना सांगितलं. ते त्यांच्या मधाच्या आवाजात म्हणाले, "हाताची सवय आहे, त्यात भावना शोधू नका." म्हणजे झालं. वर्षानुवर्षं वाटी उचलून उचलून तिथे ठेवली, म्हणून हात तिथे ठेवतो, पलीकडे काही नाही. मला झोंबलं ते हे, की त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. पहिली वाटी कोणाच्या नावानं निघाली होती ते हात सांगणार नव्हता, आणि तुम्ही तर आता वाटीच ओळखत नव्हतात.

मग तुम्ही आजारी पडलात, जेवण सुटलं. शेवटच्या दिवसांत मी वरच्या मजल्यावरची बाई राहिले नाही, सूनही राहिले नाही, कोणीच राहिले नाही. पण औषधाचा चमचा दिलीपच्या हातून तुम्ही थुंकून टाकायच्या आणि माझ्या हातून निमूट घ्यायच्या. त्याचंही कारण डॉक्टरांकडे असेलच. मी विचारलं नाही.

आता तेरवीचं सांगते.

पंगतीचा स्वयंपाक आचाऱ्याकडे होता, पण तुमच्या नावाच्या ताटातली भाजी घरीच करायची असं पुष्पाताईंनी बजावलं होतं. वांग्याची. मी सकाळी करायला घेतली. पुष्पाताई दारात उभ्या राहून देखरेख करत होत्या, डोळे सुजलेले, पण नजर तुमचीच. भाजी हळद-मिठात शिजली. माझा हात वर गेला, वाटी घेतली, भाजी काढली. पळीत तेल तापत ठेवलं.

"हे काय करून राहिली वं?" पुष्पाताई म्हणाल्या.

"भाजी."

"अशी कोण करते? भाजी शिजल्यावर तिखट?"

"आई करायच्या."

"कधी बाप्पा? आमच्या लहानपणी तिखट आधी तेलात जाये. तेल लाल झाल्यावर मंग वांगे. म्हणून तर आत मुरे. आजीबी तशीच करे भिवापुरात." मग त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. "अन् हे कोणाची?"

"देवाची. देवाला तिखट चालत नाही ना."

पुष्पाताई दारातून आत आल्या. "आई देवाले भाजी कधी दाखवे? देवाले गूळ-खोबरं. माह्या लग्नापर्यंत मी रोज पाहिलं न."

पळीतलं तेल धुरावत होतं. मी गॅस बंद केला. मग सगळं सांगितलं त्यांना, शालूपासून टेबलावरच्या वाटीपर्यंत. पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, आणि पुष्पाताई मध्ये बोलत नाहीत हे तुम्ही कधी पाहिलंत? शेवटी म्हणाल्या, "अन् मी दरवर्षी चव गेली म्हणून बोलून राहिली तिले." आणि बाहेर गेल्या.

मी ओट्यापाशी एकटी उभी राहिले आणि आई, माझा इतका संताप झाला. भिवापुरात लहानपणी हाताला लागलेली तऱ्हा. सगळ्यात जुनी, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं सगळ्यात चिवट. शेवटी तुमच्या हातानं तीच धरायला हवी होती. आधी तिखट, मग वांगी. पण तुम्ही पन्नाशीच्या आसपास एका रडक्या पोरीसाठी तो हात मोडून नवा वळवलात, आणि असा वळवलात की पुढे नाव, गाव, वार, मुलगा, सगळं गेलं तरी तो परत फिरला नाही. लेकीचे टोमणे खाली मान घालून खाल्लेत. त्यासाठी देव मध्ये उभा केलात. एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं? मी इतकी वर्षं तुमच्या तोंडाशी भांडत बसले. हाताकडे बघ म्हणून एकदा तरी सांगायचंत.

ओरडावंसं वाटत होतं, पण हॉलमध्ये पाहुणे होते. मी भाजी पुरी केली. तुमच्या ताटात झणझणीत भाजी वाढली. मग ती पिवळी वाटी उचलली आणि देव्हाऱ्यापुढे नेऊन खरंच ठेवली. म्हटलं, घे बाबा. तुझ्या नावावर मी जन्मभर जेवले, आज तू जेव. तो आता तुमच्या जवळच कुठेतरी असेल. त्याला विचारून घ्या, ह्याआधी एक तरी वाटी त्याच्या वाट्याला आली होती का.

बायकांची पंगत शेवटी बसली. मी पुष्पाताईंच्या शेजारी. माझ्या ताटाच्या डावीकडे काहीच नव्हतं. तुमच्या ताटासाठी केलेल्यातली उरलेली भाजी मी मुद्दाम वाढून घेतली, लाल तेलासकट, आणि मोठा घास घेतला. उचकी लागली. नाक गळायला लागलं, कान तापले.

"रडून राहिली का वं?" पुष्पाताईंनी हळूच विचारलं.

"छे. तिखट लागलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग ताटावरून उठल्या, डाव्या भिंतीवरचं बटण दाबून स्वयंपाकघरात गेल्या आणि परत येऊन ती पिवळी वाटी माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली.

"देवाची हाये," त्या म्हणाल्या. "दाखवून झाली. खाय आता, वाया जाते."